गोडादऱ्याची गाठ

माझ्या सासूबाई माझ्या नोकरीचं वर्णन एका वाक्यात करायच्या : "आमची सून सरकारी भांडी घासते." हळदीकुंकवाला आलेल्या बायका हसायच्या, मीही हसायचे, कारण वाक्य अगदीच खोटं नव्हतं. यजमानांची बँकेतली बदली झाली तशी रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी नाशिकहून सुरतेला आले आणि तिथल्या एका संग्रहालयात चिकटले. इमारतीच्या मागच्या बाजूला, पूर्वी घोडागाडी ठेवत असत त्या खोलीत, आमची प्रयोगशाळा होती. जमिनीतून निघालेल्या वस्तू तिथे येत. भांडी क्वचित, नाणी फार. ती साफ करायची आणि कुठली, कधीची, खरी की बनावट, ते लिहून द्यायचं, हे माझं काम. घरी मात्र देव्हाऱ्यातली पळीसुद्धा मला कोणी घासायला देत नसे. "तिच्या हातात दिलीत तर पुढच्या संकष्टीला परत मिळेल," असं यजमान म्हणायचे.

त्यांचं चूक नव्हतं. आमच्या धंद्यात घाई चालत नाही. लोकांना वाटतं, जमिनीतलं धन म्हणजे सिनेमातल्यासारखं हंड्यातून खणखणत पडणार. प्रत्यक्षात जमिनीतून निघालेलं नाणं वाळक्या शेणाच्या तुकड्यासारखं दिसतं. तांब्याचं असेल तर हिरवं, चांदीचं असेल तर काळपट. ओल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिल्यावर मातीतले क्षार धातूला खातात आणि त्याच्यावर एक कवच चढतं. गंमत म्हणजे, नाण्यावरची अक्षरं पुष्कळदा त्या कवचातच उरलेली असतात. खालचा धातू केव्हाच पोखरला गेलेला असतो. त्यामुळे कवच खरवडून काढलं की अक्षरंही गेली.

म्हणून नाणं समोर आलं की पहिल्यांदा आपले हात मागे घ्यायचे. वजन करायचं, भिंगातून बघायचं, एका बाजूने तिरपा उजेड पाडून परत बघायचं. मग शुद्ध पाण्यात बुडवून ठेवायचं आणि क्षार सुटेपर्यंत पाणी बदलत राहायचं. कधी कधी यात अख्खा पावसाळा निघून जाई. त्यानंतर साळिंदराचा काटा. लोखंडी सुई ओरखडा काढते, बांबूची काडी लगेच मऊ पडते, पण साळिंदराचा काटा कवच उचलतो आणि धातूला धक्का लावत नाही. डांगच्या जंगलात गळून पडलेले काटे एक माणूस मला आणून द्यायचा. त्यांची जुडी मी जुन्या पावडरीच्या डब्यात ठेवत असे आणि त्या डब्याला कोणी हात लावला तर माझा आवाज थेट तिकीटखिडकीपर्यंत पोचत असे.

हे सगळं ऐकून घ्यायला मात्र कोणी तयार नसे. ती वर्षं चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरची. सगळं सुरत शहर घासूनपुसून लख्ख करण्याच्या मागे लागलेलं. जो तो झाडत होता, धूत होता, चुना फासत होता. अशा गावात 'घासू नका, घासू नका' म्हणत बसलेली बाई लोकांना चक्रमच वाटणार. जुन्या नाण्यांचे शौकीन शेठ यायचे, रेशमी बटवा टेबलावर ओतायचे आणि लाडात म्हणायचे, "बेन, जरा चमकावी आपो ने!" मी म्हणायचे, चमकच हवी असेल तर बोहारणीकडून स्टीलची वाटी घ्या. ते शेठ पुन्हा येत नसत. आमचे क्युरेटरसाहेब कपाळाला हात लावत.

एकदा कामरेजचे एक गृहस्थ आले. उसाच्या शेतात नांगराला मूठभर नाणी लागली होती. माणूस सरळ, बिचाऱ्याने रीतसर सगळीकडे कळवलंही होतं. पण त्यांचा भाचा पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला, आणि भाचा हुशार! त्याने ती नाणी कारखान्यातल्या आम्लात बुडवून काढली. मामांनी माझ्यासमोर रुमाल उघडला, तर आत तांब्याच्या गुळगुळीत गुलाबी चकत्या. एकीवरही अक्षर नाही. "केवी सरस थई गई, नहीं?" त्यांनी मोठ्या कौतुकाने विचारलं. मला रडू यायचं बाकी होतं. कुठल्या राजाची होती, कुठल्या गावात पडली होती, कोणाच्या हातून गेली होती, ते सगळं त्या आम्लात विरघळून गटारात गेलं होतं. मी त्यांना चहा पाजला आणि चकत्या परत बांधून दिल्या.

पण याच कामात जे मिळतं ते दुसरीकडे कुठे मिळत नाही, हेही सांगायला हवं. काट्याच्या टोकाखालून आधी एक ठिपका येतो, मग एक वळण, मग आडवी रेघ, आणि एकदम ते अक्षर होतं. फारसी मला येत नव्हती, नोकरीत नाण्यांपुरती अक्षरं ओळखायला शिकले. 'जर्ब' म्हणजे पाडलेलं, आणि त्याच्या शेजारी गावाचं नाव. पहिल्यांदा 'जर्ब सूरत' असं माझ्या हाताखालून वर आलं, तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून नुसती बसून राहिले. आपण रोज भाजी घेतो, रिक्षावाल्याशी भांडतो, त्याच गावात कोणीतरी हातोडा उचलून हे नाणं पाडलं होतं, आणि मधल्या सगळ्या माणसांना ओलांडून ते माझ्यापर्यंत आलं होतं. अंगावर काटा यायचा. शेवटच्या दिवसापर्यंत येत राहिला.

सुरतेत जमिनीतून काहीही निघालं तरी त्याचा इतिहास लोकांना आधीच ठाऊक असतो. मराठी माणूस छाती फुगवून सांगतो, महाराजांच्या स्वारीच्या वेळी घाबरून पुरलेलं. गुजराती माणूसही तेच सांगतो, फक्त छाती न फुगवता. मी दोघांनाही 'बघू' म्हणत असे.

अशाच एका दिवाळीनंतर गोडादऱ्याचं प्रकरण आलं.

भाऊबीज नुकतीच झाली होती. एक जमादार साड्यांच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत काहीतरी जड घेऊन आला आणि त्याने ती पिशवी धप्पकन माझ्या टेबलावर ठेवली. आत बेलफळाएवढा हिरवा गोळा होता. गोळ्याच्या अंगावर जागोजागी नाण्यांच्या कडा फुगून आलेल्या. जमिनीत नाणी एकमेकांना धरून बसतात, तशी बसलेली. फक्त एका बाजूला रुपयाएवढी जागा पांढरी, चकचकीत.

जमादाराच्या मागे दारात एक माणूस उभा होता. बारीक अंगाचा, केसांत सुताचे तंतू अडकलेले. तो हिलाल. मूळचा खानदेशातल्या शिंदखेड्याकडचा, सुरतेच्या कडेच्या गोडादऱ्यात राहून यंत्रमागावर काम करणारा. त्याच्या पलीकडे व्हरांड्यात डोक्यावरचा पदर सावरत त्याची बायको सिंधूबाई बसली होती. तिच्याजवळ डबा आणि सीताफळांची पिशवी. गावाकडून कोणीतरी आणलेली सीताफळं ती साहेबलोकांना द्यायला घेऊन आली होती.

जमादाराने हकीकत सांगितली ती अशी. हिलालने घरामागे संडासाचा खड्डा खणायला घेतला. पहारीला मडकं लागलं, फुटलं, आणि हा गोळा निघाला. सापडलेलं धन मामलतदार कचेरीत कळवावं लागतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने तो घरात नेला. धनत्रयोदशीला शेजारणीने दारातून बघितलं, तर देवघरात दिव्याच्या उजेडात काहीतरी पिवळंधमक चमकत होतं. 'हिलालला सोनं सापडलं' ही बातमी फटाक्याच्या माळेसारखी गल्लीभर फुटत गेली. पोलीस आले तेव्हा गोळ्यात सोनं कुठेच नव्हतं. होती ती ही एक उघडी, चकचकीत जागा. म्हणजे इथून सोन्याची मोहर तोडून यानं विकली, असा सरळ हिशेब.

"तूटेलुं छे, बेन," जमादार म्हणाला. "तमे खाली एटलुं लखी आपो."

'तुटलेलं आहे' एवढंच मी लिहून देताच हिलालवर चोरीचा गुन्हा दाखल होणार होता. तोवर त्याला रोज चौकीवर बसवत होते. माग-मालकाने सांगून टाकलं होतं, हे निस्तरल्याशिवाय कामावर यायचं नाही. आणि याहून वाईट म्हणजे गल्लीतली अर्धी घरं त्याच्याच गावची. सुरत-भुसावळ गाडीतून निरोप टपालापेक्षा लवकर पोचतात. गावात 'चोर' हा शब्द एकदा उतरला की माणसाची पोरंबाळं तो शब्द घेऊन फिरतात. मी हिलालकडे बघितलं तेव्हा तो म्हणाला, "मी चोर नही, ताई."

जमादार क्युरेटरसाहेबांकडे गेला तशी सिंधूबाई उठून दाराशी आली. "ताई, तुम्हीन मराठी शेतस का?"

मी हो म्हटल्यावर तिचा बांध फुटला. "त्यासनी काहीच करेल नही, ताई. घासनारी मी. संडासना खड्डामा निंघनी ती. लक्ष्मी शे, पन निंघनी कोठे ते देखा! तशीच देवघरमा कशी ठेवू? मंग चिच लायी, राख लायी, एक कोपरा घसघस घासा. तेवढामा हात भरी उना. मंग दूधवरी धोयी, हळद लायी, कुकू लायं, आनि देवजवळ ठेयी."

संडासाच्या खड्ड्यात लक्ष्मी निघाली, तर तिला चिंचेने आंघोळ घातल्याशिवाय देवघरात घ्यायची कशी, हा प्रश्न सिंधूबाईच्या जागी माझ्या सासूबाईंनाही पडला असता आणि त्यांनीही तो असाच सोडवला असता. चिंच आणि राख, देवाच्या भांड्यांची आपली पिढीजात दवा. शेजारणीने पाहिलेलं सोनं म्हणजे ओल्या चांदीवर चोपडलेली हळद होती, आणि ती नंतर हाताळताना पुसून गेली होती. पण हे जमादाराला सांगून काय उपयोग? चोराची बायको असंच सांगणार, म्हणाला असता. गोळ्याला विचारायला हवं होतं.

मी खिडकीशी बसले आणि गोळा भिंगाखाली धरला. बाजूने ऊन येत होतं. आधी वाटलं, माझ्याच भिंगावर काहीतरी धागा अडकलाय. भिंग पुसलं, परत लावलं. हिरव्या कवचावर बारीक, सरळ रेघा होत्या. उभ्या, आडव्या. एकीखालून एक, एकीवरून एक.

ते कापड होतं.

कापड असं उरतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. नाणी कापडात बांधून पुरली की कापड हळूहळू कुजतं. पण कुजता कुजता धातूचा हिरवा रस त्या धाग्यांत शिरतो आणि धाग्यांच्या जागी घट्ट होऊन बसतो. चांदीत थोडं तांबं असतंच, शिवाय आत काही तांब्याचे पैसेही असावेत. सुताचा कण शिल्लक नव्हता, पण सुताचा पीळ, धाग्यांतली जाडीभरडी जागा, कापड ओढून बांधल्यामुळे पडलेल्या चुण्या, सगळं हिरव्या गंजात जसंच्या तसं उभं होतं. लाखो वार कापड रोज विणणाऱ्या या शहरात मी एका अशा कापडाकडे बघत होते, जे विणणाऱ्याचं नाव, गाव, वंश, काही म्हणता काही उरलं नव्हतं.

गोळा फिरवत गेले. कापड सगळीकडून होतं. वर जाऊन त्याच्या चुण्या एकत्र झाल्या होत्या, आणि तिथे, बोराएवढी, एक गाठ होती.

म्हणजे हा नाण्यांचा गोळा नव्हताच. ही पुरचुंडी होती. बांधल्यानंतर कोणीही न सोडलेली.

आता प्रश्न उरला त्या चकचकीत जागेचा. फक्त तिथेच कापड दिसत नव्हतं. तिथून नाणं तोडलं असेल, तर त्याखाली खळगा राहिला असता आणि त्या खळग्याच्या काठाशी कापडाचे धागे एकदम तुटलेले दिसले असते. घासलं असेल, तर धागे काठाकडून आत जाताना झिजत झिजत नाहीसे झाले असते. मी काठ बघितला. धागे झिजत गेले होते. आणि दोन नाण्यांच्या मधल्या फटीत, जिथे सिंधूबाईचं बोट पोचलं नव्हतं, तिथे कापड अजून होतं. त्याच्याच शेजारी चिंचेचा एक तंतू, राखेचे कण आणि हळदीचा पिवळा ठिपका.

मी साहेबांना आणि जमादाराला बोलावलं. साहेबांनी भिंगातून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून "अरे वाह!" निघालं. जमादाराने पाहिलं आणि त्याला हिरवं सोडून काही दिसलं नाही. त्याचं तरी काय चुकलं? भिंगाखाली बघायलाही सवय लागते. तेवढ्यात माझं लक्ष सीताफळांकडे गेलं.

मी एक सीताफळ घेतलं आणि व्हरांड्याच्या खडबडीत भिंतीवर खसाखसा घासलं. दुसरं घेतलं आणि त्याची एक पाकळी उचकटून काढली. दोन्ही जमादारापुढे धरली. घासलेल्याचे डोळे कडेने झिजत झिजत सपाट झाले होते. तोडलेल्याला खळगा पडला होता आणि आतला पांढरा गर दिसत होता. "आता परत बघा," मी म्हटलं, "यातलं कुठलं आहे?"

जमादार भिंगावर वाकला. मग सरळ होऊन त्याने मिशीवरून हात फिरवला. "घसेलुं छे," तो म्हणाला. आणि पंचनामा उरकल्याच्या गंभीरपणाने त्याने पुरावा म्हणून दाखवलेलं दुसरं सीताफळ खायला सुरुवात केली.

हिलाल दारातच खाली बसला. मी त्याला आत बोलावून भिंगातून बघायला लावलं. त्याने आधी पँटला हात पुसले. मग डोळा लावला. "सूत चांगलं शे," तो म्हणाला.

मग सिंधूबाईची पाळी. तिने भिंगात बघितलं नाही, सरळ गाठीकडेच बघितलं. बघता बघता तिने आपल्या पदराचा शेव ओढला, जिथे तिचे सुटे पैसे बांधलेले होते, आणि गोळ्याशेजारी धरला. टोक दोनदा फिरवून खालून खोचलेलं. तिथेही तसंच, इथेही तसंच. "देख ताई," ती हळूच म्हणाली, "आम्हीन बी आशीच बांधतस. बाईनी गाठ शे हाई."

बाईचीच गाठ, असं मी अहवालात लिहू शकत नव्हते. पुरुष अशी गाठ बांधतच नाहीत, हे सिद्ध कसं करणार? पण माझ्या मनात तेव्हापासून ती बाईच आहे. घाईघाईत, कोणाची तरी चाहूल ऐकत, चार दिवसांनी परत येऊन सोडायच्या बेताने तिने ती पुरचुंडी बांधली आणि मडक्यात ठेवली. का परत आली नाही, ते जमिनीला माहीत. स्वारी, दुष्काळ, तापीचा पूर, साधा ताप, काहीही असेल. आम्ही पाचजण त्या टेबलाभोवती उभे होतो आणि जमादार सीताफळ चघळत होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सरकारी खात्यात आनंदाचं आयुष्य थोडं असतं. साहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सरस! आता करून टाका साफ."

मी म्हटलं, काय साफ करू? आम्लात बुडवलं की गोळा सुटेल, नाणी लख्ख होतील आणि कापड, गाठ, सगळं हिरवं पाणी होऊन वाहून जाईल. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचीही अडचण होती. आत काय आहे हे कचेरीला कळवल्याशिवाय प्रकरण मिटत नव्हतं, आणि ते मिटल्याशिवाय हिलाल मोकळा होत नव्हता. नाणी कुठली, कोणाच्या अमलातली, याची एक ओळ तरी हवी. शिवाय मोठे अधिकारी येणार होते, त्यांना दाखवायला काहीतरी चमकदार हवं होतं. मी मान हलवत राहिले तेव्हा ते वैतागले. "सुनंदाबेन, सरकार तमने साफ करवानो पगार आपे छे, साफ नहीं करवानो नहीं!"

एका बाजूला जिवंत माणसाची अब्रू, दुसऱ्या बाजूला मेलेल्या बाईची गाठ. असा तराजू समोर आला तर पारडं कुठे झुकणार, हे मलाही कळत होतं. मी आम्लाची बाटली कपाटातून काढून टेबलावर ठेवली आणि बूच उघडलं. तिचा मुंग्यांसारखा उग्र वास खोलीभर पसरला. सिंधूबाईने पदर नाकाला लावून विचारलं, काय करता? मी सांगितलं.

ती माझ्या आणि गोळ्याच्या मधे येऊन उभी राहिली. हे प्रकरण संपलं तर तिचाच नवरा सुटणार होता, तरी उभी राहिली. "जिनी गाठ बांधी, तीच सोडी," ती म्हणाली. "आपुन काबर सोडानी?"

हिलालने तिला गप्प केलं नाही. साहेबांना अहिराणी कळत नव्हती, पण तिचा चेहरा कळला. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

मी बाटलीचं बूच परत लावलं आणि काहीतरी करायचं म्हणून गोळा पुन्हा हातात घेतला. ऊन सरकलं होतं. त्या तिरप्या उन्हात ती घासलेली, चिंचवलेली, सगळ्या गोंधळाचं मूळ असलेली जागा लखलखत होती. मी इतका वेळ तिचे काठ बघत होते. मधे काय आहे, ते बघितलंच नव्हतं. तिथे एका रुपयाची अर्धी बाजू उघडी पडली होती. आणि तिच्यावर एक वळण, एक आडवी रेघ. काटा घेतला, फटीतली राख अलगद काढली. वर 'जर्ब' होतं. खाली 'सूरत'. कडेला राज्यवर्षाचा एक तुकडा, शिक्क्याच्या घडणीवरून कोणाच्या अमलातलं ते सांगण्याइतका पुरेसा.

मी मोठ्याने हसले. साहेब दचकले. आयुष्यभर मी लोकांना चिंचेवरून झापत आले होते. नाणं खालून निरोगी होतं, म्हणून त्या घासण्याने अक्षरं गेली नाहीत, वरचं कवच तेवढं गेलं. दहांतल्या नऊ वेळा सगळं गेलं असतं. पण सिंधूबाईने जेमतेम एका रुपयाएवढी जागा घासली आणि हात भरून आला म्हणून थांबली, आणि कचेरीला हवी होती ती ओळ नेमकी तेवढ्याच जागेत बसली. गोळ्याचं वजन केलं, एक रुपया साधारण तोळ्याचा, त्यावरून आत किती असतील याचा अंदाज बांधला. लिहून दिलं : सुरतेच्या टाकसाळीतले रुपये, कापडात बांधलेले, बांधल्यापासून न उघडलेले, एकही काढलेला नाही. साहेबांनी ते वाचलं आणि खाली सही केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाटली कपाटात ठेवा. वास येतो."

हिलाल त्याच आठवड्यात मागावर परत गेला. शेजारीण म्हणे अजूनही सोनंच म्हणते, तिला काय करणार? महाराजांच्या स्वारीशीही त्या पुरचुंडीचा संबंध नव्हता, रुपये त्यानंतरचे होते. हे मी सांगितलं तेव्हा मराठी मंडळातले लोक माझ्यावर रुसले. मोठे अधिकारी आले, हिरवा गोळा पाहून 'अच्छा अच्छा' म्हणाले आणि पुढच्या तलवारीकडे वळले. त्यातली नाणी कोणी आजवर पाहिलेली नाहीत. तरी सगळ्या नोकरीत माझ्या हातून झालेलं सर्वांत मोठं काम कुठलं, असं कोणी विचारलं तर मी तेच सांगते. त्याला मी जवळजवळ हात लावला नाही.

सिंधूबाई त्यानंतर दर धनत्रयोदशीला संग्रहालयात यायची. तिकीट काढून, रांगेत उभी राहून. काचेच्या कपाटापुढे पदर पसरायची आणि कोणी बघत नाही असं बघून काचेवर, गाठीच्या समोर, हळदीकुंकवाचं बोट टेकवायची. वस्तूंना सोडाच, काचेला हात लावायलाही आमच्याकडे मनाई. पहिल्या वर्षी शिपाई तावातावाने फडकं घेऊन धावला आणि माझ्याकडे तक्रार घेऊन आला, की बेन, बघा, काच खराब केली.

मी जाऊन बघितलं. काचेवर पिवळा-लाल ठिपका, त्यामागे ती गाठ. माझा सगळा जन्म डाग काढण्यात गेला होता. मी शिपायाला म्हटलं, "काच पुसा. तेवढं सोडून."